स्पोर्ट्स इकॉनॉमिक्सवर पीएचडी: गाइडना कसं पटवायचं?

माधुरी_सीएचबी:
नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रात एमए, सेट झालंय, सध्या एका ग्रामीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास झाले, आता विषय ठरवायचाय. मला आयपीएलचा लिलाव आणि खेळाडूंचं वेतन यावर काम करायचंय, पण गाइड म्हणतात खेळ म्हणजे करमणूक, त्यापेक्षा बचत गट घ्या, सहकार घ्या, आरआरसीसमोर (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर) हे टिकणार नाही. त्यांना माझी काळजी आहे म्हणूनच ते बोलतात, हे कळतंय मला. पण मिशिगन विद्यापीठाच्या स्टीफन शिमान्स्कींचा कोर्सेरावरचा कोर्स केल्यापासून डोक्यातून हे जातच नाहीये. यावर कुणी खरंच अख्खं करिअर केलंय का, आणि कशाच्या जोरावर? आणि वर्गात हे कसं आणायचं तेही सांगा, माझ्या एसवायच्या मुलांना मागणीचा वक्र काढून दाखवला की ती खिडकीबाहेर बघायला लागतात.

ताळेबंद:
माधुरी, केलंय, आणि चांगलं दणदणीत केलंय. शिमान्स्कींचंच बघा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात असताना त्यांनी जे साहित्य हाताशी घेतलं ते म्हणजे फुटबॉल क्लबांचे जमाखर्च. इंग्लंडमधले क्लब फार पूर्वीपासून लिमिटेड कंपन्या आहेत, त्यामुळे दरवर्षी हिशेब सरकारदरबारी दाखल करावेच लागतात, आणि त्यात पगारावरचा खर्च असतो. म्हणजे एका बाजूला पगार आणि दुसऱ्या बाजूला लीगमधला क्रमांक, दोन्ही उघड. १९७८ ते १९९७ मधल्या ४० क्लबांचे आकडे त्यांनी लावले तेव्हा क्रमांकातला सुमारे ९२ टक्के फरक एकट्या पगारखर्चावरून समजत होता. ट्रान्सफरसाठी (दुसऱ्या क्लबकडून खेळाडू घेण्यासाठी) मोजलेल्या पैशाचा संबंध त्यामानाने फारच कमी निघाला, आणि पेपरात मथळे मात्र ट्रान्सफरचेच येतात!

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारी काम २००० सालच्या पेपरात आहे. प्रश्न असा की कृष्णवर्णीय खेळाडूंशी भेदभाव होत होता का? हे विचारून कोण कबूल करणार? तर त्यांनी असा विचार केला की बाजार निःपक्ष असेल तर तेवढ्याच पगारात तेवढंच यश मिळायला हवं. १९७८ ते १९९३ मधले ३९ क्लब तपासले, तर ज्यांच्याकडे कृष्णवर्णीय खेळाडू जास्त ते क्लब त्याच पगारखर्चात वर राहत होते. याचा सरळ अर्थ त्या खेळाडूंना त्यांच्या खेळाच्या मानाने कमी किंमत मिळत होती. एका पगारपत्रकातून वर्णभेद पकडला त्यांनी. २०११ ला ते मिशिगनला गेले.

गाइडना हेच सांगा की माझा विषय क्रिकेट नाहीये, श्रमबाजार आहे. कारखान्यातल्या एका कामगाराने नेमकं किती उत्पादन वाढवलं हे कोण मोजणार? खेळात प्रत्येकाचं काम चेंडूगणिक नोंदलेलं असतं आणि पगारही माहीत असतो. सायमन रॉटेनबर्गने १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लिहिलं तिथून या शाखेची सुरुवात मानतात. १९७४ मध्ये जेराल्ड स्कलीने सीमांत उत्पन्न उत्पादकता, म्हणजे एका खेळाडूमुळे क्लबच्या उत्पन्नात पडणारी भर, काढून दाखवलं की खेळाडू क्लबला जेवढं मिळवून देतात त्याच्या मानाने त्यांना फारच थोडं मिळतं, कारण रिझर्व्ह क्लॉजमुळे ते एकाच क्लबला बांधलेले होते. हे दोन पेपर सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) पहिल्याच पानावर घ्या, मग करमणूक कोण म्हणतंय बघू.

प्रा_गोदाकाठ:
शिकवण्याबद्दल मी सांगते, कारण ताई तुमच्यासारखाच वर्ग माझ्याकडे आहे. मी वर्गात लिलाव घेते. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला १०० कोटींची पर्स (खर्चाची मर्यादा), आणि खेळाडूंची नावं झाकून फक्त आधीच्या सीझनचे आकडे: रन, स्ट्राइक रेट, इकॉनॉमी. बोली लागते तेव्हा मागच्या बाकावरचा कधी तोंड न उघडणारा मुलगाही उभा राहून ओरडतो. लिलाव संपला की त्या खेळाडूंनी पुढच्या सीझनला काय केलं ते फळ्यावर लिहायचं. ज्या गटाने सगळ्यात चढी बोली लावली तोच बहुतेक वेळा पस्तावलेला असतो, कारण ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला त्याच्याच गळ्यात खेळाडू पडतो. विजेत्याचा शाप हा शब्द मी त्यानंतरच उच्चारते, आधी नाही. आधी व्याख्या सांगितली की सगळी मजा जाते आणि मुलं फक्त लिहून घेतात.

गेम थिअरीला पेनल्टी किक घ्या. पालासिओस-ह्युएर्ता यांनी २००३ च्या पेपरात १४१७ पेनल्टी तपासल्या आणि खेळाडू डावी-उजवी बाजू अशी मिसळतात की कुठेही मारलं तरी यशाची शक्यता जवळपास सारखीच राहते, असं दाखवलं. मैदानावर नेऊन मुलांनाच मारायला लावा, एकाने नोंद करायची.

आणि शिमान्स्कींच्या कोर्सचं मला हेच आवडलं की बेसबॉल, फुटबॉलसोबत आयपीएलचे आकडे घेऊन ते पायथनमध्ये स्वतः करायला लावतात. पायथागोरियन एक्स्पेक्टेशनचं सूत्र (काढलेल्या आणि दिलेल्या रनांवरून टीम किती सामने जिंकेल याचा अंदाज) मुलांना द्या आणि विचारा, क्रिकेटमध्ये हे लावताना काय गडबड होईल? पाठलाग करणारी टीम टार्गेट गाठलं की थांबते, म्हणजे ती किती सरस होती हे रनांच्या फरकात दिसतच नाही. हे मुलं स्वतः शोधून काढतात हो, आणि मग खिडकीकडे कुणी बघत नाही.

माधुरी_सीएचबी:
ताळेबंद सर, गोदाकाठ मॅडम, वर्गातला लिलाव याच आठवड्यात घेते. एक शंका, २००८ पासूनचे सगळे लिलाव एकत्र धरले तर चालेल ना?

ताळेबंद:
सरसकट नका धरू. २००८ ला पर्स ५० लाख डॉलर होती, धोनी १५ लाख डॉलरला गेला. सचिनसारखे आयकॉन खेळाडू तर लिलावात नव्हतेच, त्यांना आपल्या टीममधल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त असं ठरलेलं होतं. २०२५ च्या सीझनसाठी पर्स १२० कोटी आणि पंत २७ कोटींना. त्यामुळे रुपये-डॉलर नका तोलू, पर्सचा किती टक्के हिस्सा ते धरा. रिटेन केलेल्यांची (लिलावाआधीच टीमने राखून ठेवलेल्यांची) रक्कम म्हणजे लिलावातली किंमत नव्हे, तो गट वेगळा ठेवा. परदेशी खेळाडू मैदानावर चारच उतरवता येतात, त्याचा किमतीवर परिणाम होतो, तो व्हेरिएबल हवाच.

चेंडूगणिक आकडे क्रिकशीट या वेबसाइटवर फुकट मिळतात. आणि अनसोल्ड राहिलेले विसरू नका. त्यांना किंमतच नाही म्हणून ते तक्त्यातून गळतात आणि उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष वाकडा येतो. निवडीचा हा दोष तुम्ही कसा हाताळणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका, आरआरसीत हा प्रश्न हमखास येतो.