घिरट्या संपू द्या, मग मोजा

स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा घिरट्या घालणारा थवा मोजताना दोघांचे आकडे जुळत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. जुळणारच नाहीत. गरम हवेच्या झोतात हे पक्षी गोल फिरत वर चढतात तेव्हा तोच पक्षी दोनतीनदा मोजला जातो. थोडं थांबायचं. उंची मिळाली की ते पंख स्थिर ठेवून एकामागून एक पुढच्या झोताकडे घसरत निघतात, ओळच लागते. ती ओळ मोजायची. थवा मोठा असेल तर दहादहाचे गट करायचे आणि हातात काउंटर (बटण दाबलं की आकडा वाढवणारं छोटं यंत्र) ठेवायचा, म्हणजे नजर वर राहते.

आणि निरभ्र आकाशाची वाट बघू नका! कोऱ्या निळ्यात उंचावरचा पक्षी दिसतच नाही. पांढरे ढग हवेत. उत्तर अमेरिकेत थंड हवेची लाट सरकून गेल्यावर उत्तरेकडून वारा सुटतो, तो दिवस सोडू नये. तिथले ब्रॉड-विंग्ड हॉक नावाचे शिकारी पक्षी तर सप्टेंबरच्या मध्याला मोजक्या दिवसांतच निघून जातात.

पक्षी न दिसलेला तासही नोंदवा, ही मात्र कळकळीची विनंती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाच्या डोंगरावर पूर्वी शिकारी पक्षी गोळ्या घालून मारत. 1934 मध्ये पक्षी वाचवण्यासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार थांबवली, मोजणीही तेव्हाच सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात गरुडांची पिल्लं घटल्याचं त्याच मोजणीच्या वह्यांमधून दिसलं. सलग नोंदी होत्या म्हणूनच.