वांगावर लेझर करावं का?

प्रश्न (लातूर): दुसऱ्या बाळंतपणापासून गालांवर वांग आहे. पार्लरवाली म्हणते, लेझरने आठ दिवसांत साफ. मे महिन्यात भाचीचं लग्न. करू का?

उत्तर (परभणी): ताई, पार्लरात मुळीच नको! मी केलं होतं, गाल काळे पडले. सहा महिने स्कार्फ बांधून शाळेत शिकवलं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त, लेझरच्या उष्णतेने डाग उलट गडद होतात. त्वचारोगतज्ज्ञ १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर कमी ताकदीवर वापरतात, तरी वांग परत येऊ शकतो.

उत्तर (बीड): आधी सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी, उन्हात दर दोन तासांनी. चुलीची धगही टाळा.

प्रश्नकर्ती: मेडिकलवाल्याने दिलेली गोरं व्हायची ट्यूब चालू ठेवू?

परभणी: ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून इथं टाका. बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं.