सॅबथला वगळून कसं चालेल?

रॉक संगीतात नवी वाट पाडणाऱ्या बँड्सची यादी इथे चर्चेत निघालीय. त्यात बीटल्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड ही नावं आली, त्यावर वाद नाही. पण वर कुणीतरी ब्लॅक सॅबथ या बँडला 'नुसता गोंगाट' म्हणून निकालात काढलंय, ते काही पटलं नाही.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, १७व्या वर्षी, तेही नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं! गड्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून पातळ लावल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी तर गिटार तब्बल तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल, आवाज जड. हेवी मेटल संगीतात आज जी खर्जातली घरघर सर्रास ऐकू येते तिची मुळं बरीचशी इथली.

क्वीन हा बँड मलाही प्रचंड आवडतो, पण प्रश्न आवडीचा नाहीये, नवी वाट कुणी पाडली याचा आहे. त्या हिशोबाने यादीत व्हेल्वेट अंडरग्राउंड हा बँड दिसलाच नाही याचं जास्त आश्चर्य वाटलं. १९६७चा त्यांचा पहिला अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. त्यात बँडमधल्या जॉन केलचा व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण जरा मोठं वाद्य) तानपुऱ्यासारखा एकच सूर धरून घुमत राहतो. पहिल्यांदा ऐकताना मी वैतागून बंद केला होता, खोटं कशाला बोलू! हेडफोन लावून पुन्हा ऐकल्यावर कुठे डोक्यात शिरला.