मुक्ताईनगरची खुर्ची: वर्षानुवर्षं तोच आमदार, फायदा कोणाचा?

तापीकाठचा
"भाऊले भलता वर्स झायात, आते बदला." दर निवडणुकीला हे ऐकतो आणि दर वेळी डोकं तडकतं. दाखला घरचाच देतो. एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर. १९६७ ते १९८५ प्रतिभाताई पाटील, १९९० ते २०१९ नाथाभाऊ खडसे. ५२ वर्षांतली ४७ वर्षं दोनच माणसं. आणि दोघंही विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, ताई १९७९-८० मध्ये, भाऊ २००९ ते २०१४. खानदेशात २० मतदारसंघ आहेत, त्यातल्या एकाच खुर्चीला हा मान दोनदा मिळाला तो काय फुकट?

प्रतिभाताई १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. पहिली टर्म साध्या आमदार, उपमंत्रिपद दुसऱ्या टर्मला. लोकांना फक्त राष्ट्रपतिपद आठवतं, पण त्याआधीची विधानसभेतली २३ वर्षं कोण मोजतो? तापी पाटबंधारे विकास महामंडळ जळगावात आलं तेव्हा नाथाभाऊ सरकारात होते. मंत्रालयात वजन तयार व्हायला वेळ लागतो. नव्या आमदाराला कोणतं खातं कोणत्या मजल्यावर हे कळेपर्यंत तुम्ही त्याला पाडून मोकळे.

बोदवडकर
महामंडळ आलं, कबूल. पाणी कुठंय? अमळनेरजवळचं पाडळसे धरण अजून पुरं होतंय. आमच्या बोदवडला टँकर आला की दारात ड्रम कोण आधी लावतो यावरून भांडणं होतात, आणि बोदवड याच वजनदार मतदारसंघात येतं बरं का.

पुण्याई मोजताय तर पूर्ण मोजा. ताईंच्या नावानं जळगावात महिला सहकारी बँक निघाली, रिझर्व्ह बँकेनं २००३ ला तिचा परवाना रद्द केला. तेही त्याच वहीत लिहा.

आणि एका माणसावर सगळं टांगून ठेवलं की काय होतं? २०१६ मध्ये नाथाभाऊंना महसूलमंत्रिपद सोडावं लागलं, २०१९ ला तिकीट कापलं. त्या दिवशी मतदारसंघाचं वजन कुठं गेलं? माणूस बाजूला पडला, की त्याच्याबरोबर तालुकाही पडला!

सातपुड्यातला
तापीकाठच्या भाऊ, तुमचा हिशोब सातपुड्यात चालत नाही. आमच्या अक्कलकुवा-अक्राणीकडून के. सी. पाडवी सलग सात वेळा निवडून आले. कॅबिनेट मंत्रिपद मिळालं २०१९ ला, सातव्या टर्मला. २०२४ ला पडले. म्हणजे टर्म वाढल्या की वजन आपोआप वाढतं असं काही नाही. पक्ष, जात, जिल्हा, मुंबईत कोणाच्या गटात आहात, हे सगळं आधी येतं. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून पाड्यावरून खाली आणणाऱ्याला विचारा की आमदाराची कितवी टर्म चालू आहे. तो हसेल तुम्हाला.

तापीकाठचा
पटलं, पण अर्धंच. शिरपूर घ्या. अमरीशभाई पटेल १९९० पासून आमदार. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांना हाताशी धरून नाले रुंद-खोल केले, बंधारे बांधले, सगळीकडे 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ओळखलं गेलं. ते एका टर्मचं काम आहे का?

बोदवडकर
आणि २००९ ला शिरपूर अनुसूचित जमातीसाठी राखीव झालं, भाई विधान परिषदेत गेले, काम थांबलं नाही! म्हणजे काम खुर्चीमुळे होतं की माणूस, पैसा आणि संस्था यांच्यामुळे? तुमच्याच दाखल्यानं तुमचा मुद्दा खाल्ला.

पारोळ्याची सून
सगळे पुरुष टर्मा मोजत बसलेत. प्रतिभाताईंनंतर खानदेशातून विधानसभेत गेलेल्या बायकांची नावं पटापट सांगा बरं. साक्रीच्या मंजुळाताई गावित, चोपड्याच्या लताताई सोनवणे, पुढे? एकच माणूस ३० वर्षं बसला की दुसऱ्या कोणाचा नंबरच लागत नाही. नाथाभाऊंचं तिकीट कापलं तरी ते गेलं त्यांच्याच मुलीला, आणि तीही निवडून आली नाही.

माजी पीए
एका आमदाराकडे पीए होतो, नाव सांगणार नाही. तुमची चर्चा ऐकून गंमत वाटते, कारण आमदाराचा दिवस कशात जातो हे कोणी बोलतच नाही.

लग्नसराईत सकाळी सहालाच पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर. मी तीन ढीग करायचो: साहेब जाणार, साहेबांचा भाऊ जाणार, नुसता फोन. त्याच्या बाजूला द्वारदर्शनाची (मयत झालेल्या घरी भेटायला जायची) आणि गंधमुक्तीची (सुतक संपतानाच्या विधीची) यादी. ही यादी चुकली तर माफी नाही. लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतात, दारावर नाही गेलात तर पुढची तीन इलेक्शनं काढतात. मग डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळालेले शेतकरी, बदलीवाले मास्तर, वसतिगृहाच्या प्रवेशाची शिफारस. दुपारी दोनला जेवण मिळालं तर नशीब.

यातून उरलेल्या वेळात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न. तुम्ही कधी त्याचं उत्तर वाचलंय? आपण विचारतो, 'अमुक योजनेचं काम रखडलं आहे, हे खरे आहे काय?' छापून येतं, 'हे अंशतः खरे आहे.' पुढे, 'असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.' यादीत नंबर खाली लागला तर प्रश्नोत्तराच्या तासात तो पुकारलाही जात नाही, नुसतं लेखी उत्तर हातात पडतं. तिसऱ्या-चौथ्या टर्मचा आमदार इथं उपप्रश्नात मंत्र्याला पकडतो, पहिल्या टर्मचा कागद घडी करून खिशात ठेवतो. एवढ्यापुरता तापीकाठच्या भाऊंचा मुद्दा खरा. पण चार टर्म काढून सभागृहात तोंड न उघडलेलेही मी जवळून पाहिलेत, आणि ते आरामात निवडून येतात. का, ते वरच्या यादीत सापडेल.

बोदवडकर
म्हणजे दोष आमचाच?

माजी पीए
आमच्या ऑफिसला प्रश्नासाठी कागद घेऊन येणारा माणूस महिन्यात एखादा. पत्रिका घेऊन येणारे मोजता यायचे नाहीत.

सातपुड्यातला
कागद घेऊन मुंबईला यायचं भाडं कोण देणार पण? धडगावहून निघालो तर नंदुरबारलाच अर्धा दिवस जातो.

रावेरचा केळीवाला
विषयांतर होतंय, माफ करा. केळीच्या फळपीक विम्यात आमच्या महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) हवामान केंद्र थंडीचे आकडे चुकीचे दाखवतं अशी सगळ्यांची तक्रार आहे. अधिवेशनात हा प्रश्न लागू शकतो का?

माजी पीए
लागतो. महसूल मंडळाचं नाव, तारखा, विमा भरल्याच्या पावत्या आणि शेजारच्या मंडळाचे त्याच दिवसांचे आकडे एकत्र जोडून द्या. लग्नाच्या मांडवात तोंडी सांगू नका, साहेब 'हो हो' म्हणतील आणि गाडीत बसेपर्यंत विसरतील. पोच घ्या.