सुईला आधुनिक रुग्णालयात जागा असावी का?

सांजवारा
बारा वर्षं अर्धशिशीत काढली. महिन्यातले आठ-नऊ दिवस पडदे ओढून, उशीत डोकं खुपसून पडायचं. अर्धशिशी टाळण्यासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने नाडी इतकी मंदावली की दोन जिने चढले की बसावं लागे. त्याच कामाचं दुसरं औषध, टोपिरामेट, सुरू केल्यावर बोलता बोलता साधे शब्द सापडेनात. 'चाळणी' हा शब्द आठवेना म्हणून ओट्याशी उभी राहून मी रडले आहे. गेल्या वर्षी माझ्या मेंदूविकारतज्ज्ञांनीच ॲक्युपंक्चर करून बघा म्हटलं. दहा बैठका झाल्या. सुई केसासारखी, शिरताना कळतही नाही. मग ती हलकेच फिरवतात आणि आतून एक बोथट, जड कळ पसरते. आज दुखण्याचे दिवस महिन्याला तीन-चारवर आलेत.

माझं म्हणणं एवढंच की ठरावीक दुखण्यांसाठी ही सुई नेहमीच्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, उघडपणे मिळावी. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०१२ सालीच सांगितलंय की ही दोन औषधं चालली नाहीत तर अर्धशिशीसाठी दहा बैठकांपर्यंतचा विचार करावा. जर्मनीत २००७ पासून जुन्या कंबरदुखीचा आणि गुडघेदुखीचा असा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. 'ची' नावाची ऊर्जा शरीरातल्या वाहिन्यांतून फिरते हे मी मानत नाही. पण ते मानत नाही म्हणून सुईही टाकून द्यायची का?

चिकित्सक_मन
तुमचा त्रास कमी झाला याचा खरंच आनंद आहे. तो सुईने झाला का, एवढाच माझा प्रश्न.

जर्मनीचा निर्णय ज्या चाचण्यांवरून झाला त्यातली कंबरदुखीची चाचणी बघा. ११६२ रुग्ण, तीन गट. एकाला चिनी शास्त्राप्रमाणे सुया, दुसऱ्याला मुद्दाम भलत्या जागी आणि वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी गुण आलेले रुग्ण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के. पहिल्या दोन आकड्यांत फरक म्हणावा असा फरक नाही. कुठेही टोचलं तरी चालत असेल, तर ते बिंदूंचे नकाशे आणि त्या वाहिन्या शिकण्यात घालवलेली वर्षं कशासाठी? तिसऱ्या गटाचा आकडा कमी दिसतो खरा, पण आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे त्या लोकांना ठाऊक होतं. जे आधीच करून थकलेत तेच पुन्हा मिळाल्यावर माणूस हिरमुसणारच.

आणि त्याच 'नाइस'ने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी केलेली सुयांची शिफारस २०१६ मध्ये काढून घेतली, तीही याच कारणाने.

सांजवारा
काढली, हो. पण २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याच संस्थेने पुन्हा सुयांचा विचार करा म्हटलं.

अर्धशिशीचे आकडे वेगळे आहेत. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २२ चाचण्या एकत्र केल्या आहेत. डोकेदुखी निम्म्यावर आलेले लोक खऱ्या सुयांत शंभरात ५०, खोट्या सुयांत ४१. फरक लहान आहे, मान्य. पण रोजच्या प्रतिबंधक औषधांशी तुलना केली तेव्हा तीन महिन्यांनी सुयांकडे ५७ आणि औषधांकडे ४६. मला निवड 'सुई की काहीच नाही' अशी नव्हती हो, 'सुई की शब्द विसरायला लावणारी गोळी' अशी होती.

दुपारपाळी
मी शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात परिचारिका आहे. कंबर आणि डोकं बाजूला ठेवून एक वेगळी गोष्ट सांगते.

भुलीतून बाहेर येताना होणाऱ्या उलट्या ज्याने पाहिल्या नाहीत त्याला ती छोटी तक्रार वाटते. पोटावर ताजे टाके, त्यावर दोन्ही हात दाबून धरलेले, आणि कोरडी उबळ थांबत नाही. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन स्नायुरज्जूंच्या मधे एक बिंदू आहे. त्याला 'पी ६' म्हणतात. तिथे सुई, नाहीतर नुसता मणी शिवलेला मनगटपट्टा. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात यावरच्या ५९ चाचण्या होत्या. खोट्या उपचारापेक्षा मळमळ आणि उलट्या दोन्ही कमी, आणि उलटीच्या औषधांशी तुलना केली तर जवळपास बरोबरीत. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम धोका जास्त असलेल्यांना इंजेक्शनही देतात आणि पट्टाही बांधतात. कुणी 'ची'चं नाव काढत नाही.

चिकित्सक_मन
हा पुरावा मला माहीत आहे, आणि यादीतला सर्वांत भक्कम तोच आहे. त्या चाचण्यांचा दर्जा सारखा नाही, तरीही पट्ट्याला माझा विरोध नाही. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे. पण पट्ट्याचं बोट धरून अख्खं दुकान आत येतं, त्याची मला धास्ती आहे.

पानगळ
इथे थोडं विरोधी बोलतो. तुम्ही दोघंही चिनी वैद्यकाचे तुकडे करताय. सुई घ्यायची, पट्टा घ्यायचा, बाकीचं अंधश्रद्धा म्हणून फेकायचं. ते एक अखंड शास्त्र आहे. जीभ पाहणं, नाडी पाहणं, एकाच डोकेदुखीला दोन माणसांना दोन वेगळे काढे देणं, हे सगळं त्यात एकमेकांत गुंफलेलं आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन विसरलात? चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथकार गे होंग यांच्या ग्रंथात लिहिलंय की मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून पिळा आणि तो रस प्या. उकळा असं लिहिलेलं नाही. त्या ओळीवरून चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांच्या लक्षात आलं की उष्णतेने औषध मरतंय. त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तो लागू पडला, आणि २०१५ मध्ये नोबेल मिळालं. मलेरियाच्या उपचारात आज जगभर तेच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही २०२२ पासून या निदानांचं स्वतंत्र प्रकरण आहे.

चिकित्सक_मन
पानगळ, उदाहरण सुंदर आहे, फक्त ते माझ्या बाजूने बोलतं. गे होंग यांच्या ग्रंथात ताप उतरवण्याचे कितीतरी उपाय आहेत. थू योयो यांच्या गटाने शेकडो अर्क उंदरांवर तपासले, बहुतेक टाकून दिले, उरलेला आधी स्वतः घेऊन पाहिला आणि मग रुग्णांना दिला. जुन्या ग्रंथाने कुठे शोधायचं ते दाखवलं. औषध झालं ते तपासणीतून. आर्सेनिक ट्रायऑक्साइडचंही तेच. चिनी वैद्यकातलं जुनं विष, आज एका विशिष्ट रक्ताच्या कर्करोगावर जगभर वापरतात, पण मोजलेल्या मात्रेत आणि ईसीजी बघत. वर्गीकरणातलं प्रकरण नोंदी ठेवण्यासाठी आहे, उपचार लागू पडतो याचं ते प्रमाणपत्र नाही.

दुसरी बाजूही मांडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नावाने जवळची दुसरी वनस्पती गेली, ॲरिस्टोलोकिया. शंभरहून जास्त लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं खराब झाली. त्यांतल्या ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढल्या, तर १८ जणांत कर्करोग सापडला. 'नैसर्गिक आहे' असं कुणी म्हटलं की मला ते १८ आठवतात.

कोरा_कागद
हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन चालू असतं. गुडघ्यासाठी ते एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे जायचे. सुयांनी त्यांना बरं वाटत होतं. पुढे त्या माणसाने 'रक्ताभिसरणासाठी' म्हणून एक पुडी दिली. त्यात दानशेन ही चिनी वनौषधी होती. काही दिवसांनी सकाळी दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना. बेसिन लाल झालं आणि बाबा माझ्याकडे नुसते बघत उभे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, सातच्या वर गेला होता. दानशेन वॉर्फरिनचा परिणाम वाढवतं हे वैद्यकीय साहित्यात केव्हाचं नोंदलेलं आहे. पुडी देणाऱ्याने 'तुम्ही कोणती औषधं घेता' एवढंही विचारलं नव्हतं. आणि आम्ही हृदयाच्या डॉक्टरांना पुडीबद्दल सांगितलं नव्हतं, कारण ते रागावतील अशी भीती होती.

दुपारपाळी
कोरा_कागद, वडील आता बरे आहेत ना? तुमचं शेवटचं वाक्य आमच्या कक्षात रोज दिसतं. 'आणखी काही घेता का' विचारलं की लोक आधी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघतात. मी प्रश्न बदलला आहे. 'काढा, पुडी, चूर्ण, सुया, सगळं सांगा, कुणी रागावणार नाही' असंच म्हणते. मग पिशवीतून पुड्या निघतात.

कोरा_कागद
बरे आहेत. वेळेवर पोचलो.

सांजवारा
कोरा_कागद, तुमच्या अनुभवानंतर माझं म्हणणं मी आखडतं घेते, पण सोडत नाही. सुई आणि पुडी एकाच दारातून आत येऊ नयेत. पुडीला कुठल्याही गोळीला लागतात तेच नियम हवेत, घटक छापलेले, मात्रा मोजलेली, इतर औषधांशी काय होतं ते तपासलेलं. सुईचे नियम वेगळे, ती निर्जंतुक आणि एकदाच वापरायची, आणि टोचणाऱ्याला शरीररचना आली पाहिजे. खांद्याजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. तुमचे बाबा सुयांसाठी रुग्णालयातच गेले असते, तर कागदावर वॉर्फरिन दिसलं असतं. बाहेर ठेवल्याने हे थांबत नाही, नजरेआड होतं.

चिकित्सक_मन
हा मुद्दा मला विचार करायला लावतो. पण एक अडचण तुम्ही अजून सोडवलेली नाही. खोट्या आणि खऱ्या सुईत फरक थोडा किंवा नाहीच, हे डॉक्टरला माहीत असताना तो रुग्णाला काय सांगणार? 'या बिंदूने तुमचं डोकं थांबेल' हे खोटं. खरं सांगितलं तर परिणाम उरेल का?

सांजवारा
माझ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. "यामागचा जुना सिद्धांत मला पटत नाही. नेमका बिंदू किती महत्त्वाचा आहे याबद्दल शंका आहे. पण तुमच्यासारख्या बऱ्याच लोकांचे दुखण्याचे दिवस कमी होतात आणि गोळ्यांइतका त्रास होत नाही. दहा बैठकांत फरक पडला नाही तर थांबवू." एवढं ऐकूनच मी टेबलावर झोपले. तरी फरक पडला.

चिकित्सक_मन
या शब्दांत सांगत असतील तर माझा निम्मा विरोध मागे घेतो. उरलेला निम्मा दहाव्या बैठकीबद्दल आहे. फरक पडला नाही तर थांबवू, हे त्या दिवशी खरंच पाळलं जातं का? सुई टोचणाऱ्याचं उत्पन्न अकराव्या बैठकीवर असेल तर मला खात्री वाटत नाही. डोकेदुखीच्या दिवसांची नोंदवही रुग्णाकडे असावी आणि थांबायचं की नाही ते सुई न टोचणाऱ्या डॉक्टरने ठरवावं. तुमच्याकडे कोणी ठरवलं?

सांजवारा
मेंदूविकारतज्ज्ञांनी. वही माझ्याकडेच होती, अजून भरते आहे. या महिन्यात आजपर्यंत दोन फुल्या आहेत.