'इव्हिक्टेड पुअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आयर्लंडच्या दुष्काळावरचा लेख मराठीत आणतेय. 1848 च्या कायद्याच्या नावातच 'राहत्या घरातून काढलेल्या निराधार गरिबांचं संरक्षण आणि मदत' असं आहे. 'इव्हिक्टेड'ला मी 'विस्थापित' लिहिलं, पण वाचताना धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात. 'पुअर रेट', 'रिलिव्हिंग ऑफिसर', 'वर्कहाउस' यांचंही सुचवा.

प्रतिसाद: 'विस्थापित' काढाच. त्या शब्दात कोणी कोणाला काढलं हे दिसतच नाही. कूळकायद्यामुळे आपल्याकडे 'बेदखल' रुळलेला आहे, आणि आयरिश शेतकरी कूळच होता. पण 'बेदखल'मध्ये जमीन जाते, घराचं काय झालं ते कळत नाही. तिथे जमीनदार घरही पाडत. क्लेअर परगण्यातल्या किलरशजवळच्या ब्रिजेट ओडॉनेलची हकिगत 1849 च्या डिसेंबरात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आली. ती तापाने फणफणलेली, बाळंतपणाला दोन महिने उरलेले. माणसं आली, निम्मं घर पाडून झालं, तेव्हा शेजारच्या दोन बायकांनी तिला उचलून बाहेर आणलं. पुढे मूल मेलेलं जन्मलं. तेरा वर्षांचा मुलगा उपासमारीने गेला. ती 'घर पाडणं' यासाठी जो शब्द वापरते तो आपल्या 'पाडणं'इतकाच साधा आहे. म्हणून मी 'घर पाडून बाहेर काढलेले' असंच लिहीन, लांब झालं तरी. महापालिकांच्या नोटिशींतलं 'निष्कासन' कागदावर बसतं, पण त्यात ती बाई दिसत नाही.

'पुअर रेट' म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, त्याला 'गरीबपट्टी' लिहा. घरपट्टी, पाणीपट्टी वाचणाऱ्याला सांगावं लागणार नाही. शिवाय घरं पाडण्यामागचं एक कारणही त्यातून उलगडतं: चार पौंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या जमिनीवरची गरीबपट्टी कुळाऐवजी जमीनदाराला भरावी लागे. छोटी कुळं हटली की पट्टीही हटली.

'रिलिव्हिंग ऑफिसर'ला 'मदत अधिकारी' चालेल, 'मदत व पुनर्वसन' आपल्या ओळखीचंच आहे. पण 'दिलासा' कुठेही वापरू नका. घर खाली करायच्या 48 तास आधी नोटीस द्यायची ती या अधिकाऱ्याला, म्हणजे त्याने निवाऱ्याची सोय करावी. रात्री कोणाला काढायचं नाही, नाताळ आणि गुड फ्रायडेला काढायचं नाही, माणसं आत असताना छप्पर उतरवायचं नाही, हेही त्याच 1848 च्या कायद्यात होतं. ब्रिजेट अजून आत होती आणि निम्मं घर खाली आलं होतं.

दुसरा प्रतिसाद: 'मदत' शब्दावर थोडं थांबायला हवं. 1847 च्या गरीब-मदत कायद्यातल्या 'ग्रेगरी कलमा'नुसार पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद. घास हवा तर जमीन सोड. त्यामुळे नुसतं 'मदत मिळाली' लिहिलंत तर वाचक फसेल, 'जमीन सोडल्यावर मदत मिळाली' असं पूर्ण लिहा. धडधाकट माणसाला अन्न देताना खडी फोडायला लावत. त्याला आपली 'खडी' हाच शब्द घ्या. 1972 च्या दुष्काळातली खडी केंद्रं आठवणारी माणसं अजून घरोघरी आहेत.

'वर्कहाउस' म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी सरकारी जागा. तिला 'आश्रम' किंवा 'अनाथालय' नको, दोन्हींत माया आहे. तिथे नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या भागांत ठेवत. आयरिश लोक त्याला 'टॅख ना मोख्त' म्हणत, म्हणजे 'गरिबांचं घर'. 'गरीबघर' करून पाहा.

प्रश्नकर्ती: 'गरीबपट्टी' आणि 'गरीबघर' घेतले. 'विस्थापित' सगळीकडून काढतेय. पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातच फांद्या टाकून माणसं राहत, त्याला 'स्कॅल्पीन' म्हणत. तिथे 'खोपट' लिहिलंय. ती खोपटंही पाडत असत, त्या वाक्यात मी 'पाडणं'च ठेवलंय.