शब्दचर्चा : ‘बॅकस्टोरी’ला पूर्ववृत्त म्हणावं की पूर्वपीठिका?

शहापूरकर, बेळगाव : विज्ञानकथेवरच्या मराठी लेखात ‘बॅकस्टोरी’ टाळायचं आहे. उदाहरण ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटमालिकेतल्या विलरो हूडचं. 1980 च्या भागात क्लाउड सिटीतून लोक पळतात, त्यांत नारिंगी कपड्यांतला एक माणूस एक यंत्र कवटाळून धावत जातो. संवाद नाही, चित्रपटात नावही नाही. हातातली वस्तू म्हणजे आइस्क्रीम करायचं घरगुती यंत्र. चाहते म्हणतात, त्यात बंडखोरांच्या हस्तकांची माहिती साठवलेली होती आणि ती साम्राज्याच्या हाती पडू नये म्हणून तो पळाला. ह्या जोडलेल्या गतायुष्याला काय म्हणावं? आणि चाहते करतात ते काय : अटकळ, कयास की अनुमान?

खानापूरकर : आधी दुसरा प्रश्न. क्रियापदं बघा. अनुमान ‘काढतात’, अटकळ ‘बांधतात’. काढायला आत काहीतरी असावं लागतं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथं आग आहे, हे अनुमान. धूर तिथं आग हा नियम आधीच ठाऊक असतो. विलरो जीव मुठीत धरून पळतानाही ओझं टाकत नाही, म्हणजे ते त्याला मोलाचं आहे. इथवर अनुमान पोचतं. आत हस्तकांची यादी आहे म्हटलं, की पडद्यावरचा आधार संपला, ती अटकळ.

कयास मूळचा अरबी, त्यात ताडून बघणं आहे. इस्लामी धर्मशास्त्रात ठाऊक असलेल्या निवाड्यावरून तशाच दुसऱ्या प्रकरणाचा निवाडा लावतात, त्याला हेच नाव. ‘स्टार वॉर्स’च्याच जगातल्या 2019 च्या ‘द मँडलोरिअन’ मालिकेत त्याच आकाराचं भांडं येतं, त्याला ‘कॅमटोनो’ म्हणतात आणि त्यात बेस्कार धातूच्या लगडी असतात. त्यावरून ‘विलरोकडेही मौल्यवान ऐवज असावा’ म्हटलं, तर तो कयास. लेखात सगळीकडं ‘अटकळ’ लिहिलंत तर तिन्ही एका दावणीला बांधली जातील, आणि चाहत्यांच्या युक्तिवादातलं बळ कुठं आहे नि सुतावरून स्वर्ग कुठं गाठलाय, हे वाचकाला कळणार नाही.

निपाणीकर : ‘अनुमान’ जपून वापरा. आपल्या भागातला वाचक दोन्ही भाषांत वावरतो, आणि कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. ‘विलरोबद्दल चाहत्यांचं अनुमान’ असं लिहिलं की चिकोडी-अथणीकडं तो चोर होता काय, असं वाटेल. ‘काढलं’ हे क्रियापद सोबत ठेवा, म्हणजे गैरसमज टळतो. अटकळीला कन्नडमध्ये ‘ऊहे’ म्हणतात. तोच ‘ऊह’ आपल्या ऊहापोहात आहे, खरं मराठीत तो सुटा चालत नाही.

आणि ‘बॅकस्टोरी’ला ‘पार्श्वभूमी’ही सुचवेल कुणी. पार्श्व म्हणजे कूस, बाजू. कन्नडचा ‘हिन्नेले’ सरळ मागची जागा सांगतो. पार्श्वगायक तिकडं ‘हिन्नेले गायक’ होतो.

खानापूरकर : पार्श्वभूमी परिस्थितीची असते. क्लाउड सिटीवर साम्राज्याचा ताबा आला, ही पार्श्वभूमी. विलरो कुठं वाढला, कुणासाठी काम करत होता, हे पूर्ववृत्त. ‘पूर्वचारित्र्य’ पोलिसांच्या पडताळणीत आणि ‘पूर्वेतिहास’ दवाखान्यात रुळलाय, ते तिथंच राहू द्या.

‘पूर्वपीठिका’ मात्र इथं फार चपखल बसते. वर्तमानपत्रांनी तिला कुठल्याही वादाच्या मागच्या हकिकतीसाठी वापरून बोथट केलं. दंडीच्या ‘दशकुमारचरित’ ह्या संस्कृत गद्यकथेचा आरंभ हरवला आहे, आणि आज त्याच्यापुढं जी पूर्वपीठिका मिळते ती दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली मानतात. कथेच्या आधीची मोकळी जागा बघून कुणीतरी भरून काढली. चाहत्यांनी विलरोचं तेच केलं. म्हणून पात्राच्या आयुष्यात घडलेलं ते पूर्ववृत्त, आणि दुसऱ्यानं मागाहून रचून जोडली ती पूर्वपीठिका.

शहापूरकर : मूळ मालकानंच बदललं तर? बोबा फेट ह्या ‘स्टार वॉर्स’मधल्या इनामी शिकाऱ्याला 1980 च्या त्याच भागात जेमतेम चार वाक्यं होती. पुढं कादंबऱ्यांनी त्याला एक इतिहास दिला, 2002 च्या चित्रपटानं तो बाजूला सारून त्याला जँगो फेट ह्या दुसऱ्या शिकाऱ्याचा क्लोन, म्हणजे हुबेहूब जैविक नक्कल, ठरवलं. 2014 मध्ये ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनं त्या जुन्या कादंबऱ्या ‘लेजंड्स’मध्ये, म्हणजे अधिकृत कथेबाहेरच्या गटात, टाकल्या. त्यांना दंतकथा म्हणू? की प्रक्षिप्त?

निपाणीकर : दंतकथा नको. दंतकथा तोंडोतोंडी चालते, ह्या तर परवानगीनं छापलेल्या. ‘प्रमाणाबाहेरच्या कथा’ म्हणा.

उचगावकर : प्रक्षिप्तही नको. प्रक्षेप मूळ संहितेत मिसळतो, म्हणून तर तो निवडून काढावा लागतो. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणारा म्हटलं. चाहत्यांची अटकळ ताटाबाहेर असते, कादंबऱ्याही ताटाबाहेरच होत्या. बोबाच्या बाबतीत मात्र ताटातच हात घातला गेला : 2004 च्या डीव्हीडीत 1980 च्या भागातला त्याचा आवाज काढून जँगोचं काम करणाऱ्या टेम्युएरा मॉरिसनचा घातला. तो बदल मालकाचाच, तेव्हा तो ‘पाठभेद’. 1980 चा एक पाठ, 2004 चा दुसरा.

शहापूरकर : मग वाक्य असं : ‘विलरोच्या पूर्ववृत्ताबद्दल मूळ पाठ गप्प आहे, ओझं मोलाचं होतं एवढं अनुमान निघतं, हस्तकांच्या यादीची पूर्वपीठिका चाहत्यांनी अटकळीनं रचली.’

निपाणीकर : ‘अनुमान निघतं’ नको, ‘काढता येतं’ करा. बाकी छापायला द्या.